पिकअपचं पाणी जातं कुठं?

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नाकवाले मिस्त्री स्टुलावरून चौथ्यांदा उठले. उठून केलं काय, तर काही नाही. फळीवरचे पाने उगाच सरळ केले, बाराचा पाना चौदाच्या खिळ्याला अडकवला, पुन्हा काढला, रस्त्याच्या टोकापर्यंत एक नजर टाकली आणि परत येऊन बसले. बूड टेकतंय न टेकतंय तोच पाचव्यांदा उठले.

समोरचा पंक्चरवाला हा खेळ बघत होता. दिवसभर चाकांत हवा भरतो म्हणून सगळ्या रस्त्यानं त्याला हवालदार करून टाकलं होतं, आणि त्यालाही ती बढती मान्य होती.

"मिस्त्री, स्टुलाला खिळा आलाय का?" त्यानं विचारलं.

"तू तुझी हवा भर."

"भरतोच आहे. पण तुम्ही असे येरझाऱ्या घालताय, मलाच गरगरायला लागलं."

मिस्त्री पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. एरवी हवालदारानं एक दिली की मिस्त्री दोन परत करायचे. आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांची लेक साडेपाचला बेकरीची गाडी घेऊन निघाली होती. खालच्या पाच-सहा दुकानांना माल टाकून आठच्या सुमारास ती घाट चढायला लागणार होती. गाडी म्हणजे एकवीस वर्षांची जुनी पिकअप, आणि त्या पिकअपच्या इंजिनातलं पाणी गेले तीन आठवडे कुठंतरी गायब होत होतं. एका खेपेला दोन लिटर. कुठं जातं ते मिस्त्रींना सापडलं नव्हतं. सापडलं नाही, हे त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी बॉनेट खाली आपटून ते म्हणाले होते, "जा बिनधास्त. गाडी ठणठणीत आहे."

तेव्हापासून त्यांना चैन नव्हती.

या माणसाला नाकवाले का म्हणत, ते आधी सांगितलं पाहिजे. बत्तीस वर्षं मिस्त्री या दुकानात होते. गाडी आली की बॉनेट उचलायचं, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे, वाकायचं, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास आत ओढायचा. मग निकाल. क्लच जळतोय. इंजिनच्या तेलात डिझेल उतरलंय. डाव्या बाजूला एक वायर तापते आहे, अजून पेटली नाही, पण आठवडाभरात पेटेल. गाडीवाला तोंडाकडे बघत राहायचा आणि मिस्त्री त्याला तसं मनसोक्त बघू द्यायचे. एकदा तर रस्त्यानं चालताना त्यांनी अनोळखी माणसाची गाडी हात दाखवून थांबवली होती, "मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटलाय" म्हणून. त्या माणसाला वाटलं, वेडा आहे. उतरून त्यानं चाकाला हात लावला आणि बोटं पोळून घेतली. ही गोष्ट मिस्त्री महिन्यातून दोनदा तरी सांगायचे, आणि दर वेळी त्या माणसाची बोटं थोडी जास्त पोळायची.

पलीकडच्या चौकात नवं गॅरेज झालं, तिथं गाडीला तारा लावून दोष सांगणारं यंत्र आलं, तेव्हा मिस्त्री मुद्दाम जाऊन बघून आले होते. परत येऊन हवालदाराला म्हणाले, "यंत्राला सर्दी होत नाही, एवढंच त्याचं कौतुक."

अकरा महिन्यांपूर्वी मिस्त्रींना सर्दी झाली. आठ दिवस ताप होता. ताप उतरला, सर्दी गेली आणि जाताना वासही घेऊन गेली. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, नाक चोंदलंय. वाफ घेतली, थेंब टाकले. एका दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी नाकाला लावली. काही नाही. नळाच्या पाण्यात भिजवल्यासारखी. त्या दिवशी ते बराच वेळ चिंधी हातात धरून बसून होते. पुढच्या आठवड्यात स्पेअर पार्ट आणायला जातो म्हणून ते दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, "येईलही. नाहीही येणार." परत येताना मिस्त्रींनी नको असलेली एक क्लच प्लेट विकत आणली, म्हणजे घरी कुणी विचारायला नको.

आणि मग त्यांनी सोंग सुरू केलं. बॉनेट उचलायचं, हात मागं, डोळे बंद, लांब श्वास. मिटल्या डोळ्यांआड बिचाऱ्याची नुसती धावपळ चाललेली असायची. कान काय सांगतोय, मघाशी हाताला काय लागलं, गाडीवाला बोलता बोलता काय म्हणाला, असली गाडी मागं कधी आली होती, सगळं त्या एका श्वासात गोळा करायचं आणि डोळे उघडून निकाल द्यायचा. दहातले नऊ निकाल बरोबर यायचे. दुसरा कुणी असता तर त्याला याचाच अभिमान वाटला असता. मिस्त्रींना आपल्याच दुकानात चोर शिरल्यासारखं वाटायचं.

घरीसुद्धा तेच. एकदा ते ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेले असताना दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याला काळं होईपर्यंत करपलं. बायको धावत आली. "अहो, नाक काय गहाण टाकलंत का? हाताच्या अंतरावर आहात!" मिस्त्री म्हणाले, "एका गाडीचा विचार करत होतो." बायकोनं पातेलं घासायला घेतलं आणि म्हणाली, "त्या गाड्यांनाच जेवायला वाढायला सांगा." विषय तिथंच मिटला. सांगायची ती एक चांगली संधी होती, ती गेली.

तर, तीन आठवड्यांपूर्वी लेक पिकअप घेऊन दुकानात आली.

ही त्यांची एकुलती एक लेक. दहावीपासून दुकानात रमणारी. आई म्हणायची, हाताला ग्रीस लागलेल्या पोरीला कोण करेल. पोरीनं ग्रीस काही सोडलं नाही, आणि तसा आग्रह धरायला कुणी आलंही नाही. चार वर्षांपूर्वी तिनं बेकरीची गाडी धरली. रोज पहाटे खालची दुकानं, मग घाट चढून वर हॉस्पिटल आणि मुलांचं वसतिगृह. वरच्या लोकांची न्याहारी हिच्या गाडीवर अवलंबून असायची, त्यामुळे खाडा करणं तिला माहीतच नव्हतं. घाटात तिच्या शेजारी डुलकी लागलेला माणूससुद्धा जागा होत नसे, इतकी ती गाडी अलगद चालवायची. गाड्यांच्या बाबतीत बापाचा शब्द तिला प्रमाण होता. बाकी कुठल्याच बाबतीत नव्हता.

"बाबा, वर जाताना गरम होते," ती म्हणाली होती. "वर पोचल्यावर बघितलं तर पाणी कमी. खाली सपाटीला काही नाही."

मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी खाली घातलेला पुठ्ठा कोरडा. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं, ते झाकण बदललं. पाणी तरी गेलंच. इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट काढून दोरीला बांधला आणि घरून आणलेल्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. तो शहाण्यासारखा वेळेवर उघडला. बायकोला पातेलं परत मिळालं, ते तिनं पुन्हा स्वयंपाकात घेतलं नाही. वॉटर पंपाखालचं भोक कोरडं. तेलाची पट्टी काढून बघितली, तेल काळंभोर, पांढरा फेस नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, ओल नाही. म्हणजे हेड गॅस्केट फुटलेलं नाही. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला आणि काट्याकडे बघत अर्धा तास उभे राहिले. काटा ढिम्म हलला नाही.

दुकानात पाणी एक थेंब जात नव्हतं आणि घाटात दोन लिटर जात होतं.

एक जागा मात्र मिस्त्रींनी नीट बघितली नव्हती. गाडीत आत डॅशबोर्डच्या मागं हीटर असतो. त्यात एक लहानशी जाळी, इंजिनचं गरम पाणी त्या जाळीतून फिरतं आणि पंखा तिच्यावरून गरम हवा पायाशी सोडतो. ती जाळी गळत असली तर पाणी बाहेर कुठंच दिसत नाही, गाडीच्या आत वाफ होऊन जातं. आणि हीटर बंद असला की त्याच्या पाण्याची चावी बंद असते, मग दाब भरा नाहीतर काही करा, गळती दाखवायचीच नाही. हे मिस्त्रींना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण हीटर त्यांनी पहिल्याच दिवशी बाद करून टाकला होता. हीटर तपासायची त्यांची पद्धत ठरलेली. गाडीत बसायचं, काचा चढवायच्या, हीटर लावायचा आणि वास घ्यायचा. इंजिनच्या पाण्यात कूलंट मिसळलेलं असतं, त्याचा वास गोडसर असतो. आला की जाळी गेली, नाही आला की जाळी चांगली. बत्तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती ही पद्धत.

त्या पहिल्या दिवशी लेक शेजारी बसली होती. काचा वर होत्या. हीटर घरघरत होता.

"बाबा, गोड वास येतोय का हो?" तिनं विचारलं. "मला दोन-तीन दिवस येतोय."

मिस्त्रींनी डोळे मिटले, लांब श्वास ओढला. थंड हवा आत गेली, गरम हवा आत गेली, बाकी काही गेलं नाही. तिच्यासमोर, सख्ख्या लेकीसमोर, "मला कळत नाही" एवढं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. गाडीत बनचे ट्रे होते, पाक लावलेले, चकचकीत. मिस्त्री म्हणाले, "बनांचा आहे. सीटच्या कापडात मुरलाय."

"बनांचा असा येत नाही."

"तू मला शिकवणार?"

ती हसली. नंतरही तिनं दोनदा-तीनदा विचारलं. मिस्त्रींनी दर वेळी तेच सांगितलं, आणि तिनं दर वेळी ऐकलं. दोष तरी कुणाला द्यायचा? घाटातल्या गारठ्यात ती थोडा हीटर लावायची, काचा आतून धूसर व्हायच्या, तर ती म्हणायची, गरम ब्रेड ठेवलाय, थंडीचे दिवस आहेत, होणारच. पायाखालची चटई ओली व्हायची, तर म्हणायची, बेकरीतले लोक ट्रे धुऊन तसेच निथळत ठेवतात. सगळ्याला बेकरी जबाबदार. एका गाडीत वास न येणारा मिस्त्री आणि रोज गोड वासात वावरणारी ड्रायव्हर एकत्र आले होते, तिथं त्या जाळीला कोण पकडणार होतं!

आणि काल संध्याकाळी मिस्त्रींनी वर एक सल्लाही दिला होता. "चढाला गरम झाली तर हीटर पूर्ण सोड. इंजिनची गरमी खेचून घेतो तो. काटा अर्ध्याच्या खाली आहे तोवर थांबू नकोस." सल्ला तसा जुना आणि चांगला होता. हीटर चांगला असेल तर.

सातव्यांदा की आठव्यांदा उठल्यावर मिस्त्रींचं लक्ष शटरच्या खिळ्याकडे गेलं. लेकीनं काल तिथं गाडीतली ओली चटई वाळत घातली होती. शेजारच्याच खिळ्याला मिस्त्रींनी काल धुतलेलं फडकं होतं. रात्री कोरडा वारा सुटला होता. फडकं खडखडीत वाळलं होतं. चटई ओली होती.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. दोन्ही एकाच वेळी लावलेली. ट्रेचं पाणी असतं तर एव्हाना उडून गेलं असतं.

त्यांनी चटईचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळला. बोटं सरकली. नुसत्या पाण्यानं बोटं अशी सरकत नाहीत, कूलंटनं सरकतात. त्यांनी चटई ओढून काढली, नाकाशी नेली आणि मग स्वतःचाच राग येऊन खाली केली.

"हवालदार! इकडे ये."

हवालदार ट्यूब हातात घेऊनच आला.

"वास घे याचा."

हवालदार हसला. "माझी परीक्षा घेताय का? तुमच्यापुढं मी काय वास घेणार?"

"घे म्हणतो ना!"

आवाज असा काही लागला की हवालदारानं निमूट चटई घेतली आणि हुंगली. "गोड आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखा." त्यानं मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे बघितलं. "का हो? तुम्हाला कसला येतोय?"

"मला येत नाही," मिस्त्री म्हणाले. "कसलाच येत नाही. अकरा महिने झाले. तुझी स्कूटर दे."

हवालदाराचं तोंड उघडं राहिलं. पण किल्ली त्यानं लगेच दिली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मिस्त्रींनी होज पाइपचा हातभर तुकडा घेतला, चार क्लिपा, पेचकस, पक्कड, पाण्याचे दोन कॅन. एका हातानं फोन लावत होते, दुसऱ्या हातानं कॅन बांधत होते. फोन वाजत राहिला. घाटात फोन उचलायचा नाही, हे लेकीला त्यांनीच शिकवलं होतं, रागावून, दोनदा. अजून चढायला लागली नसेल, असं म्हणत त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. आठ वाजायला दहा कमी होते.

स्कूटर हवालदाराच्या स्वभावाची होती. बडबड फार, वेग बेताचा. मिस्त्री पुढं वाकून बसले होते, जणू वाकल्यानं ती जोरात जाणार होती. शेवटच्या वस्तीच्या दुकानदारानं पायरीवरून ओरडून सांगितलं, ती वीस मिनिटांपूर्वी गेली. मिस्त्री थांबले नाहीत. डोक्यात हिशोब चालू होता. पहिलं वळण, दुसरं वळण, तिथून उभा चढ. काटा चढायला लागेल तो तिथं. मग ती हीटर सोडेल, बापानं सांगितलंय म्हणून. चावी पूर्ण उघडेल, उकळतं पाणी दाबानं त्या सडक्या जाळीवर येईल. जाळी फुटली तर आत वाफच वाफ, काच पांढरी, आणि पलीकडे दरी.

आणि मग त्यांना काट्याचं आठवलं. पाणी फार कमी झालं की काटा वर जात नाही, खाली येतो. तो पाण्याची गरमी मोजतो. पाणीच नसेल तर मोजणार काय? इंजिन जळत असतं आणि काटा थंड दाखवतो. हे नव्या शिकाऊ माणसाला पहिल्या महिन्यात सांगायचं असतं. आणि ते लेकीला काय सांगून बसले होते, तर काटा खाली आहे तोवर थांबू नकोस.

"थांब गं," मिस्त्री स्कूटरवर मोठ्यानं म्हणाले. "थांब. ऐकू नकोस माझं."

तिसऱ्या वळणाच्या पुढं पिकअप दिसली. कठड्याला तिरकी लागून उभी होती, मागच्या चाकाला दगड लावलेला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. लेक रस्त्याच्या कडेला ब्रेडच्या रिकाम्या ट्रेवर बसली होती. एका पायात बूट होता, दुसरा पाय उघडा, घोट्याच्या वर लालबुंद.

मिस्त्रींनी स्कूटर उभी केली की टाकली, त्यांना आठवत नाही. त्यांनी कॅनमधलं पाणी तिच्या पायावर ओतायला सुरुवात केली. एक कॅन अर्धा झाला, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"पुरे. ते पाणी इंजिनला लागेल."

"खूप दुखतंय?"

"भाजल्यावर दुखतंच." तिनं पाय ट्रेवर वर घेतला. "हीटर पूर्ण सोडला तुम्ही सांगितलं तसा. दोन मिनिटांत पायावर उकळतं पाणी आणि काच सगळी पांढरी. काही दिसेना. डोकं खिडकीबाहेर काढून बाजूला घेतली. तेवढ्यात समोरून ट्रक गेला. त्याला मी दिसले म्हणून बरं."

मिस्त्रींनी कॅनचं झाकण लावलं.

"आणि काटा खाली पडला होता," ती म्हणाली. "एकदम गार. तुम्ही म्हणाला होतात खाली असेल तर थांबू नको. मला पटेना. बंद केली."

"बरं केलंस."

"आत नुसता गोड वास भरलाय, बाबा. मळमळेल इतका. मी चार वेळा विचारलं तुम्हाला. चार वेळा! मला वाटायला लागलं, माझंच नाक खराब आहे."

मिस्त्री रस्त्यावर तिच्यासमोर उकिडवे बसले. सोंग इथपर्यंत आलं होतं. आणखी पुढं नेण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि जागाही नव्हती.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "गेल्या तापापासून. पेट्रोलचासुद्धा येत नाही."

खालून एक गाडी चढत आली, वेग कमी करून दोघांकडे बघत पुढं गेली.

"आईला माहीत आहे?"

"नाही. हवालदाराला आज सांगितलं."

"हवालदाराला!" ती म्हणाली. आणि मग एकदम तिचा राग वर आला. "मग बनांचा आहे म्हणून का सांगितलंत? कळत नाही म्हणायचं! मी घेतला असता ना वास. मला येत होता. मला येतच होता, बाबा."

"काहीतरी सांगावं लागतं म्हणून सांगितलं."

"का लागतं?"

बत्तीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर उभी राहून तोंडाकडे बघत आली होती, आणि दर वेळी त्यांनी काहीतरी सांगितलं होतं. न सांगण्याची सवयच लागली नव्हती. हे सगळं तिला कसं समजावणार? त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं माझं." हे दोन शब्द लेकीनं बापाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तिनं ओला मोजा पिळून कठड्यावर ठेवला.

इंजिन निवेपर्यंत थांबावंच लागलं. वरून हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचा फोन आला. लेक म्हणाली, तासभर उशीर होईल, पण येते. मिस्त्री मधल्या वेळात चारदा उठले, चारदा रेडिएटरच्या झाकणाला हात लावून आले. पाचव्या वेळी लेक म्हणाली, "बसा. हात लावल्यानं लवकर नाही निवत." ते बसले.

काम तसं साधंच होतं. हीटरकडे जाणारे दोन पाइप बॉनेटच्या आत भिंतीपाशी असतात, एक जाणारा, एक येणारा. दोन्ही काढायचे आणि त्यांच्या इंजिनकडच्या तोंडांना एकच तुकडा वाकवून जोडायचा, म्हणजे पाणी आतल्या जाळीकडे जातच नाही, इंजिनमध्येच फिरत राहतं. हीटर बंद पडतो, गाडी चालते. मिस्त्रींचे हात हे काम डोळे झाकून करत, पण आज त्यांनी प्रत्येक क्लिप दोनदा आवळली. उरलेलं पाणी भरलं, लेकीच्या बाटलीतलंही ओतलं. इंजिन सुरू करून बुडबुडे निघू दिले, पुन्हा भरलं. पंधरा मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं. काटा अर्ध्याच्या जरा खाली येऊन थांबला, आणि या खेपेला तो खरं सांगत होता. मग गाडी बंद करून त्यांनी सगळे सांधे कापडानं पुसून पुन्हा बघितले.

"झालं," हात पुसत मिस्त्री म्हणाले. "आता जा. काही होणार नाही. जाळी नवी टाकू रविवारी."

लेक लंगडत दारापर्यंत गेली. स्टिअरिंगवर हात ठेवला, पण चढून बसली नाही. परत फिरली, पुढं आली आणि म्हणाली, "जरा सरका."

मिस्त्री सरकले.

ती बॉनेटमध्ये वाकली. जोडलेल्या तुकड्याच्या एका तोंडाशी नाक नेलं, मग दुसऱ्या. रेडिएटरच्या झाकणाशी, वॉटर पंपाशी. मागं जाऊन सायलेन्सरपाशी वाकली. मग गाडीत शिरली, काचा वर केल्या, दार लावून घेतलं आणि आत बसून राहिली. मिस्त्री बाहेर हातात पक्कड धरून उभे होते. "सगळं ठीक आहे गं" असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. धुरकट काचेतून त्यांना फक्त तिचे मिटलेले डोळे दिसत होते. निकालाची वाट बघत त्यांच्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाला इतकी वर्षं काय वाटत आलं असेल, ते त्यांना आज कळत होतं. वेळ जाता जात नव्हता. फार लागलं होतं त्यांना, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

काच खाली आली.

"आधीचाच मुरलेला आहे," ती म्हणाली. "नवा येत नाही."

"नक्की?"

तिनं पुन्हा एकदा श्वास घेतला. घाई केली नाही.

"नक्की," ती म्हणाली, आणि किल्ली फिरवली.